जाणारा वेग

दि. ६ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पत्र टाकायला लागून वर्ष होत आलं, तरी पाकिटावर ‘पाणीपुरवठा कार्यालय, मीटर विभाग’ लिहिताना अजून वाटतं की आपण नळाची तक्रार करतोय. पण तुझं म्हणणं मला पटतं. घरी तू माझ्याशी फोनवर बोललीस की आई तुझ्या ओठांवरून सगळं वाचते, आणि तोंडावर हात धरलास की रुसते. वीस वर्षं कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात शेजारणीचे ओठ वाचून गप्पा मारलेली बाई ती. तिचे कान गेले तेव्हा ओठ वाचायला शिकवणाऱ्या बाई घरी आल्या होत्या आणि आईनेच त्यांच्या दोन चुका काढल्या, ते आठवून परवा मी दुकानात एकटाच हसलो. समोर बसलेलं गिऱ्हाईक दुरुस्तीला आणलेल्या आपल्या वजनकाट्याकडे संशयाने बघायला लागलं.

आजचं काम निराळं आहे. आमच्या गल्लीत समोर उंच इमारत उभी राहिल्यापासून मोबाइलचं नेट घरात पोचेनासं झालं आहे. रविवारी पाचला आईला व्हिडिओ कॉल लावतो तो जिन्यात उभा राहून. येणारेजाणारे अंग चोरून जातात. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ दर वेळी विचारतात, कुणाची वाट बघताय का. म्हणून घरात वायरचं इंटरनेट घ्यायचं ठरवलं आणि त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. काउंटरवरच्या बाईंनी चार प्लॅनचा कागद पुढे ठेवला आणि घरात माणसं किती ते विचारलं. मी दोन म्हणालो. मग एक म्हणालो. त्यांनी दोनचा आकडा खोडून एक लिहिला आणि वर न बघता पुढचं विचारलं, ही त्यांची माया.

पहिला प्लॅन चाळीसच्या वेगाचा, सगळ्यात स्वस्त. दुसरा तीसचा, आणि तो पहिल्याच्या दीडपट. वेग कमी असून दाम जास्त कसा, ते कळलं नाही, आणि मागे रांग होती म्हणून विचारलंही नाही. पुढे शंभर आणि दोनशे. दोनशेवर चार जण चार खोल्यांत चार सिनेमे बघू शकतात म्हणे. माझ्याकडे खोल्या दोन, त्यातल्या आतल्या खोलीत मी फारसा जात नाही. माझा रोजचा वापर म्हणशील तर सकाळी वर्तमानपत्र, महिन्याला विजेचं बिल, नव्या काट्यांची माहितीपत्रकं, संध्याकाळी देवापुढे बसताना एखादी प्रार्थना, आणि रविवारी आई. भावोजी तीस वर्षं टेलिफोन खात्यात खांबांवर चढले आहेत. त्यांना विचारून कळव.

मी ठीक आहे. माझ्यावर अधूनमधून रागावत जा, म्हणजे कुणाचं तरी लक्ष आहे असं समजेन.

तुझा,
छटाक


दि. १३ जानेवारी

चि. छटाकास, अनेक उत्तम आशीर्वाद.

यांना विचारलं आणि पस्तावले. पहिला अर्धा तास हे खांबावरच होते. मग खाली उतरले आणि मुद्द्यावर आले, ते तसंच्या तसं लिहिते.

वेग दोन असतात. एक घरात येणारा, एक घरातून जाणारा. कंपनीवाले येणारा वेग मोठ्या अक्षरात छापतात, कारण लोकांना बघायचं असतं फार, दाखवायचं असतं थोडं. जाणारा वेग कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. तू आईला बघतोस तो येणाऱ्यावर, आणि आई तुला बघते ती जाणाऱ्यावर. तेव्हा तळाची ओळ वाच. यांना खात्री आहे की स्वस्त प्लॅनमध्ये जाणारा वेग नावाला असणार आणि त्या तीसवाल्यात दोन्हीकडून तीस असणार, म्हणून तो महाग. एकट्या माणसाला रोजच्या वापराला तीस भरपूर. शंभर-दोनशेच्या नादी लागू नकोस, ते मोठ्या खटल्याच्या घरांसाठी आहे.

आई बरी आहे. रविवारी पाचचा फोन असला की साडेतीनपासून केस विंचरून बसते. मी म्हटलं अजून दीड तास आहे, तर म्हणाली की गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी दारात असायची सवय आहे. तू जिन्यात उभा असतोस हे तिला माहीत नाही. तिला वाटतं तू घराच्या भिंतींना तो हिरवा रंग दिलास, आणि तिला तो आवडलेला नाही.

जन्मलास तेव्हा सुईण तुला तळहातावर धरून म्हणाली होती, छटाकभर आहे. तोच पुढे वजनकाट्यांचा कारागीर झाला. तेव्हा एवढं वजन तरी नीट करून घे.

लोभ आहेच, तो कमी होईल अशा फंदात पडू नकोस.

तुझी,
ताई


दि. १९ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि त्याच्या आदल्या दिवशीच वायर टाकणारा येऊन गेला होता. मी चाळीसचा घेतला. तीसपेक्षा चाळीस मोठा आणि वर स्वस्त, मग विचार कसला केला म्हणून स्वतःलाच हसलो होतो. कागदाच्या तळाची ओळ आता चष्मा लावून वाचली. तिथे जाणारा वेग एक आहे.

पण ताई, काल मी पहिल्यांदा घरात, खुर्चीवर बसून, दार लावून आईशी बोललो. काय स्वच्छ दिसते ती. हनुवटीखालची शीर दिसते, चष्म्याच्या दांडीला गुंडाळलेला दोरा दिसतो, मागे भिंतीवर तुझ्या ऑफिसचं कॅलेंडर, त्यातल्या तारखासुद्धा वाचता येतात. जिन्यात ती मला बोटाएवढी दिसायची. आई एवढी म्हातारी कधी झाली? तू रोज बघतेस म्हणून तुला कळलं नसेल, आणि मी बघितलंच नाही म्हणून मला कळलं नाही.

मी बोललेल्या प्रत्येक गोष्टीला ती मान हलवत होती. तेव्हा काम भागलं असं वाटतं. भावोजी विचारतील म्हणून वेग मोजला. येणारा अडतीस, जाणारा शून्य पूर्णांक चार. त्यांना कळव आणि फार हसू देऊ नकोस.

तुम्हा तिघांची आठवण घरात बसून काढतो आहे, जिन्यात नाही.

तुझा,
छटाक


दि. २७ जानेवारी

चि. छटाकास, अ. उ. आ.

हसले. पोट धरून हसले. लोकांच्या मापातलं पाप पकडणारा माणूस एका आकड्याला भुलला म्हणून अजून हसतात. ते सोड.

आई मान हलवते म्हणजे तिला कळतं असं नाही. हे मी तुला सांगू नये म्हणून तिने माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे, आणि मी ऑफिसात बसून ते मोडते आहे. इथे तुझं चित्र फुटक्या फरशीसारखं दिसतं. चौकोन चौकोन होतात, त्यात तोंड कुठे आणि कान कुठे ते समजत नाही. मग अडकून बसतं. आवाज येतो म्हणशील तर तो तिला काय कामाचा, ती आवाज बंदच ठेवते. रविवारी फोन झाल्यावर मी विचारलं, काय म्हणाला. ती म्हणाली सगळं ठीक आहे म्हणाला. सगळं म्हणजे काय, विचारलं तर कपड्यांच्या घड्या घालायला उठून गेली. त्या घड्या मी सकाळीच घातल्या होत्या.

तू ते तीसचं घे. यांनी चौकशी केली आहे, पहिल्या दोन महिन्यांत प्लॅन बदलला तर जोडणीचे पैसे पुन्हा पडत नाहीत. म्हणजे अठरा मार्चपर्यंत. एक फोन करायचा आहे फक्त.

बोलणं तुझ्याकडून सुटतं आणि वाटेत सांडतं, एवढंच झालं आहे. भांडं बदल. मग बाकी माया जिथल्या तिथे आहे.

तुझी,
ताई


दि. ५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात सध्या फार गर्दी आहे. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांचे काटे तपासायचे असतात, त्यामुळे कंपनीला फोन करायला सवड झाली नाही.

तू सोमवारी ऑफिसातून केलेला फोन घेतला नाही, त्याचा राग धरू नकोस. सोनाराचा काटा लावत होतो. तो फुंकरीनेही हलतो, म्हणून लावताना पंखा बंद, काट्याच्या पेटीची काचेची दारं बंद, आणि श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा. मध्ये उठलं की पुन्हा पहिल्यापासून. बाजारातल्या मोठ्या काट्यांचं तसं नसतं.

चाळीसवर काही अडत नाही. वर्तमानपत्र झटकन उघडतं. विजेचं बिलही भरलं. आईही खूश दिसते. तीसचा घेऊन तरी आणखी काय मिळणार?

भावोजींना नमस्कार. पत्र लहान झालं, त्याला मनातलं अंतर समजू नकोस.

तुझा,
छटाक


दि. ११ फेब्रुवारी

चि. छटाकास, अ. उ. आ.

आणखी काय मिळणार हे तू मला विचारतोस? आईला तू मिळशील.

आधी मला वाटलं पैशाचं आहे. म्हणून यांना विचारून ठरवलं होतं की वरचा फरक आम्ही भरू. पण पैशाचं नाही. गेल्या रविवारी तुझा फोन एक तास दहा मिनिटं चालला. मी घड्याळ बघत होते. गेलं वर्षभर तू बारा मिनिटांच्या वर कधी बोलला नाहीस. त्याच्या आधीच्या रविवारी, म्हणजे तिला काही कळत नाही असं मी तुला लिहिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, पन्नास मिनिटं. जिला कळत नाही तिच्याशी तू तासभर काय बोलतोस? मी स्वयंपाकघरातून वाकून बघितलं. आई हात मांडीवर ठेवून बसली होती आणि चौकोनांकडे बघून मान हलवत होती. मला तिचं वाईट वाटलं आणि तुझा राग आला.

मी सव्वीस वर्षं लोकांच्या पाण्याची मीटरं वाचली आहेत. कुठे गळतं ते मला आकड्यावरून कळतं. काय चाललं आहे ते लिही. आणि ‘ठीक आहे’ लिहायचं असेल तर तिकीट वाया घालवू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

लिहितो. पण एका गोष्टीबद्दल विचारू नकोस.

ही गेल्यापासून सव्वा वर्षात मी कुणाशी फारसं बोललो नाही, ते तुला माहीत आहे. दुकानात बोलतो ते किलो आणि ग्रॅमचं. घरी आलो की दिवा लावतो, देवापुढे बसतो. पूर्वी बसलो की मन आपोआप निवायचं. आता बसतो आणि उठतो. देवाला सांगावं म्हटलं तर त्याला आधीच ठाऊक आहे, मग सांगणं म्हणजे नुसतं आठवण करून देणं. माणसाला सांगावं तर त्याला कळतं, आणि एकदा कळलं की तो पुढच्या वेळी वेगळ्या नजरेने बघतो.

एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगितलेली नाही. तुझं पत्र आलं की आईला काही कळत नाही, तेव्हा आधी वाईट वाटलं. मग त्या रविवारी फोन लावला. ती इतकी जवळ, इतकी स्वच्छ दिसत होती. मी हवापाण्याचं बोलत होतो आणि बोलता बोलता ती गोष्ट तोंडातून बाहेर पडली. आईने मान हलवली. मी थांबलो. तिने पुन्हा मान हलवली, पुढे बोल अशी. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पुढच्या रविवारी पुन्हा तेच सांगितलं. त्या दोन्ही दिवशी मला झोप लागली.

आता तू म्हणतेस चित्र स्वच्छ कर. स्वच्छ केलं की तिला कळेल, आणि मग मला रविवारी पुन्हा बारा मिनिटंच बोलता येईल. तिचं वय बघ. तिच्या पदरात हे कशाला टाकू? मी चूक करत असेन. पण ही एकच जागा आहे जिथे मी बोलतो. ती काढून घेऊ नकोस.

माझी ताई आहेस, तशीच राहा. एवढंच मागणं.

तुझा,
छटाक


दि. २३ फेब्रुवारी

चि. छटाकास, अ. उ. आ.

तुझं पत्र तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरले.

वहिनी गेली त्या दिवशी तुझा फोन चार्जिंग संपून बंद पडला होता, एवढं तू सांगितलंस. शेजाऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं आणि तू पोचलास तेव्हा उशीर झाला होता, एवढं शेजाऱ्यांनी सांगितलं. आम्ही पुढे काही विचारलं नाही. तुला त्रास नको म्हणून विचारलं नाही, असं मी इतके दिवस समजत होते. आता वाटतं, आम्हालाच ऐकायला नको होतं की काय.

मी विचारत नाही. प्लॅनचंही पुन्हा काढणार नाही. आईलाही काही बोलणार नाही. फक्त माझं एक लिहिते. तुला वाटत असेल ताई आईजवळ आहे, तिला बोलायला माणूस आहे. आईशी बोलायचं तर आधी तिच्या समोर जाऊन उभं राहावं लागतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, चपला घालताना, घरातलं निम्मं बोलणं पाठमोरं असतं रे. ते सगळं बंद झालं. हे पेन्शनवर आल्यापासून पेपरच्या मागे असतात. मी संध्याकाळी घरी येते आणि बऱ्याचदा पहिला शब्द जेवायला वाढताना बोलते. तेव्हा मला तुझं कळत नाही असं समजू नकोस. तुझा थोडा हेवासुद्धा वाटला.

जप. आपण दोघंच आहोत तिच्या पोटचे, ते लक्षात असू दे.

तुझी,
ताई


दि. २६ फेब्रुवारी

चि. छटाक यास आईचे आशीर्वाद.

ताईला न सांगता लिहिते आहे. पेटीत टाकायलाही मीच जाणार आहे. अक्षर वाकडं आहे, लावून घे.

तुझं चित्र तुटतं. हे तुला सांगू नको असं मी ताईला बजावलं होतं, पण तिने सांगितलं असणार. तिच्या पोटात काही राहत नाही.

मला तुझा चारातला एक शब्द कळतो. मागावर असताना तेवढ्यावर आम्ही अख्खी हकिकत समजून घ्यायचो. पण तेव्हा समोरची बाई हलत असायची. तू हलतोस तेव्हा बरा दिसतोस. हसतोस, चष्मा वर सारतोस, पाणी पितोस. मग चित्र अडकतं, आणि ते काही मला हवं तिथे अडकत नाही. तोंड अर्धं उघडं, डोळे खाली, असा राहतोस. कधी पाव मिनिट, कधी एक मिनिट. तिकडे तू पुढे बोलत असशील, हसतही असशील. इथे तेच एक तोंड माझ्यासमोर राहतं आणि मी ते बघत बसते. दुसरं बघायला काही नसतं. साधं चालतं चित्र असतं तर मला एवढं दिसलं नसतं. माणूस समोर असला तरी असं एकटक कुणी बघू देत नाही.

मान हलवते कारण मला भीती वाटते की नाही हलवली तर तू फोन ठेवशील.

मधलं जे कळत नाही ते मी माझ्या मनाने भरते. भरते ते चांगलं नसतं. या महिन्यात तू दोनदा मोठ्या दुखण्यात पडलास, एकदा तुझं दुकान गेलं, आणि एकदा तू कुणाला तरी गाडीखाली घेतलंस. तुझ्याकडे गाडी नाही हे मला नंतर आठवलं. ताईला विचारता येत नाही, ती लगेच रडेल.

तुला जे सांगायचं आहे ते सांग, नाहीतर नको सांगू. माझा काही हट्ट नाही. पण सांगायचं असेल तर कळेल असं सांग. सांगायचं नसेल तर हवापाण्याचं बोल, मला तेही चालतं. हे मधलं चालत नाही. माझं वय झालं आहे म्हणून तू गप्प असशील तर वय झालेल्या माणसाला वेळ थोडा असतो, तोही विचार कर.

देव तुझ्या पाठीशी आहे. जेवत जा.

तुझी आई


दि. ४ मार्च

ती. आईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात आलं. गिऱ्हाईक होतं म्हणून खिशात ठेवलं, आणि मग गिऱ्हाइकाला उद्या या म्हणालो.

मी आजारी नाही. दुकान आहे. गाडी नाही. या तीन गोष्टी आधी मनातून काढून टाक.

मी आडोशाला बसून बोलत होतो असं मला वाटत होतं. आडोसा तुलाच टोचत होता, हे मला कळलं नाही. क्षमा कर.

काल कंपनीत जाऊन प्लॅन बदलला. तीसचा घेतला, येणारा तीस आणि जाणाराही तीस. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, लोक चाळीसवरून शंभरवर जातात, तुम्ही तीसवर कसे येता. मी म्हणालो मला दाखवायचं आहे. त्यांना वाटलं असेल मी काहीतरी विकतो. वायर बघायला आलेले गृहस्थ माझ्याच वयाचे होते. त्यांनी जुनी पेटी काढून नवी लावली, त्यांच्या घरी फोन लावून त्यांच्या मुलीला माझी भिंत दाखवली, आणि तिला स्वच्छ दिसते म्हणून सांगितलं. भिंत पांढरी आहे आई, हिरवी जिन्याची होती.

जे सांगायचं ते पत्रात लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. लिहिणं जमलं असतं, पण तू ते वाचशील तेव्हा मी तिथे नसेन. तसं मला करायचं नाही. रविवारी, आठ तारखेला, पाचला बसतो. खिडकी समोर घेईन म्हणजे तोंडावर उजेड पडेल. सावकाश बोलेन. मध्ये थांबलो तर चित्र अडकलं असं समजू नकोस, मीच थांबलेला असेन.

तुझे आशीर्वाद लागतील. या वेळी नेहमीपेक्षा थोडे जास्त.

तुझा,
छटाक


दि. ९ मार्च

चि. छटाकास, अ. उ. आ.

मी बाहेर जाणार होते. आईने सांगितलं होतं की पाच वाजता भाजी आणायला जा, आणि यांनाही ने. हे गेले. मी दारात चपला घातल्या आणि तिथेच उभी राहिले. हे तुझ्यापासून लपवलं तर मला पुढे तुला पत्र लिहिता येणार नाही, म्हणून लिहिते.

तुझा एक शब्द मी ऐकला नाही. फोनचा आवाज नेहमीसारखा बंद होता. मी फक्त आईला ऐकलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे ती मोठ्याने बोलते, तुला माहीत आहे. आधी बराच वेळ तूच बोलत असशील. मग म्हणाली, कळलं, पण पुन्हा एकदा सांग. मग तिने विचारलं, काटा सोनाराचा होता का. फोन किती वेळा वाजला, एकदा की दोनदा. दोनदा, बरं. नाव दिसलं होतं का. दिसूनही नंतर घेऊ म्हणालास? तू सांगितलं असशील ते सांगितलं असशील. तेव्हा मी खाली पायरीवर बसले, कारण मला कळलं की त्या दिवशी तुझा फोन बंद पडलेला नव्हता. वहिनीने दोनदा केला होता, आणि तू काट्याची दारं लावून बसला होतास, आणि नंतर घेऊ असं ठरवलं होतंस.

तुझं काही चुकलं नाही, असं आई तुला म्हणाली नाही. मी असते तर लगेच म्हणाले असते. ती म्हणाली, घ्यायला हवा होतास. मग ती म्हणाली, आता माझं ऐक.

तू आठ महिन्यांचा होतास. आजी तुला उचलून गिरणीच्या फाटकाशी आली होती. आईला माग खात्याच्या खिडकीतून ती दिसली. आजी तिथून ओरडत होती, ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण आईने तिचे ओठ वाचले, की पोर निळं पडलं आहे, ये. आईला पहिल्या झटक्यात कळलं. आणि त्याच वेळी तिच्या मागावरचे धागे तुटलेले होते, वीस-पंचवीस. ते तसेच सोडले तर ताणा म्हणजे मागावरचं सगळं उभं सूत बिघडतं आणि पाळीची मजुरी जाते. तिने सगळे धागे जोडले. एकेक गाठ मारली. मधे दोनदा खिडकीकडे बघितलं, आजी तिथेच होती. मग माग शेजारणीच्या हवाली केला आणि गेली. घरी येऊन सांगितलं की मुकादमाने सोडलं नाही. मुकादमाला तिने विचारलंच नव्हतं.

हे आईने कुणाला सांगितलेलं नाही. बाबांनाही नाही. ती तुला म्हणाली, तू जगलास, म्हणून मला कधी कुणी विचारलं नाही. तुझ्यात आणि माझ्यात एवढाच फरक आहे.

त्यानंतर मी पंधरा-वीस मिनिटं पायरीवर बसून राहिले. हे भाजी घेऊन आले, मला बघून काही न विचारता शेजारी बसले. शेवटी मी चपला काढून आत गेले. आई फोन टेबलाला टेकवून त्याच्यासमोर बसली होती. ती गप्प होती आणि तूही गप्प होतास. डोळे खाली, तोंड जरा उघडं. मला वाटलं झालं, पुन्हा चित्र अडकलं, एवढं करून काही उपयोग नाही. मी पुढे होऊन बघायला वाकले, आणि तू पापण्या मिटल्यास आणि पुन्हा उघडल्यास.

मी ऐकलं आहे हे आईला माहीत नाही. तिच्या समोर जाऊन उभी राहून सांगावं की नाही, ते तू कळव. तू म्हणशील तसं.

माया आहे. ती मोजायला तुझ्याकडचा काटा नको.

तुझी,
ताई